नवी गाडी, सात महिने झाले: ऑइल आणि कूलंट दोन्ही खाली गेलंय, स्वतः भरावं का?

डिचोलीकर:

नमस्कार मंडळी. गाडी सात महिन्यांची आहे. १.२ लिटर पेट्रोल, पाच गिअरची मॅन्युअल, साडेसहा हजार किलोमीटर झालेत. पहिल्या दोन फ्री सर्व्हिस झाल्या, त्यात फक्त तपासणी होती. ऑइल बदलायचं ते १० हजारांवर किंवा वर्षाने. पुढच्या आठवड्यात घरच्यांना घेऊन चोर्ला घाटातून बेळगावला जायचंय, म्हणून बॉनेट उघडून पाहिलं.

इंजिन ऑइल डिपस्टिकवर (मोजपट्टीवर) खालच्या खुणेच्या किंचित वर, रंग काळपट. कूलंटची पातळी टाकीवरच्या 'लो' रेषेला टेकलीय, गाडी घेतली तेव्हा ती 'फुल'वर होती. ब्रेक फ्लुइड 'मॅक्स'च्या पाच-सहा मिलिमीटर खाली. काच धुवायचं पाणी संपलंय. पॉवर स्टिअरिंगच्या तेलाची बाटली कुठे दिसलीच नाही.

गॅरेजवाला म्हणतो, २०डब्ल्यू-४० अर्धा लिटर ओता, कूलंटमध्ये विहिरीचं पाणी घाला, ब्रेकचं तेल मॅक्सपर्यंत भरा आणि निघा. मला हे पटत नाहीये. यातलं स्वतः काय करावं, काय विकत आणावं आणि वॉरंटीला धक्का लागेल का?

अंत्रूजकर:

डिचोलीकर, नव्या गाडीत पातळी खाली गेली की आधी ती का गेली ते बघायचं, बाटलीचं झाकण त्यानंतर उघडायचं. भरून टाकलं की खूण पुसली जाते आणि किती वेगाने खाली जातंय हे कळायचा मार्ग बंद होतो. म्हणून आज आहे त्या पातळ्यांचे फोटो काढून ठेवा, सोबत किलोमीटरचा आकडा दिसू द्या. मी इंजिन ऑइलचं सांगतो, बाकीचं इतर जाणकार सांगतील.

मोजणी बरोबर झालीय का, हा पहिला प्रश्न. आपल्याकडे घरं उतारावर, अंगणं उतारावर. पुढचं तोंड जरा खाली असलं की डिपस्टिक वेगळंच सांगते. सपाट जागा हवी. जवळपास नसेल तर पेट्रोल पंपाच्या आवारात हवा भरतात तिथली फरशी बहुधा चालते. इंजिन गरम झाल्यावर बंद करा आणि पाच ते दहा मिनिटं थांबा, म्हणजे वर गेलेलं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरतं. मॅन्युअलमध्ये थंड इंजिनावर मोजा असं लिहिलं असेल तर तसं करा. डिपस्टिक काढा, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा, तळापर्यंत पूर्ण घाला, परत काढा. दोन्ही बाजू बघा. एका बाजूला ऑइल वर चढल्यासारखं दिसतं, कारण नळीच्या भिंतीला ती बाजू घासते. कमी दिसणारी बाजू खरी. दोनदा मोजून आकडा तोच आला तरच धरायचा.

आता हिशेब. बहुतेक लहान पेट्रोल इंजिनांत 'मिन' ते 'मॅक्स' हे अंतर साधारण पाऊण ते एक लिटरचं असतं, आणि इंजिनात एकूण ऑइल तीन ते चार लिटर. समजा तुमचं ७०० मिली खाली गेलंय. साडेसहा हजार किमीत ७०० मिली म्हणजे १,००० किमीमागे साधारण ११० मिली. नव्या इंजिनात पिस्टन रिंग सिलिंडरच्या भिंतीशी पूर्ण बसेपर्यंत एवढं ऑइल जळू शकतं, यात घाबरण्यासारखं काही नाही. काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये तर १,००० किमीमागे अर्धा ते एक लिटर अशी ऐसपैस मुभा असते. ती मर्यादा मला स्वतःला फार सैल वाटते. पहिल्या १० हजारांनंतरही १,००० किमीला २५० मिलीच्या वर जात असेल तर सर्व्हिस सेंटरला लेखी तक्रार नोंदवून ऑइल कन्झम्प्शन टेस्ट करून घ्यावी. त्यात ते ऑइल मॅक्सपर्यंत भरून सील करतात आणि ठरावीक अंतर चालवल्यावर पुन्हा मोजतात.

रंग काळपट होणं हा दोष नाही. ऑइलमधलं डिटर्जंट काजळी धरून ठेवतं, त्याचं ते कामच आहे. चिंता करायची ती दुधाळ, कॉफीसारखा फेस दिसला तर, कारण त्याचा अर्थ आत पाणी किंवा कूलंट मिसळतंय. मात्र पावसाळ्यात जवळ-जवळच्या फेऱ्या झाल्या की ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला थोडा पिवळसर लेप धरतो. डिपस्टिकवर ऑइल स्वच्छ असेल तर तो लेप म्हणजे नुसतं बाष्प, एक लांब फेरी झाली की जातो.

२०डब्ल्यू-४० अजिबात घालू नका. तुमच्या इंजिनाला ०डब्ल्यू-१६, ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० यांपैकी एक सांगितलं असणार, मॅन्युअलच्या शेवटच्या पानांवर असतं, बऱ्याच गाड्यांत ऑइलच्या झाकणावरही छापलेलं असतं. यात 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंड ऑइलचा चिकटपणा सांगतो, नंतरचा गरम ऑइलचा. १०० अंश सेल्सिअसला नंतरच्या '२०'चा चिकटपणा ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक असतो आणि '४०'चा १२.५ ते १६.३. म्हणजे जवळपास पावणेदोन पट जाड. आताच्या इंजिनांतले बेअरिंगचे फटी-अंतर, व्हॉल्व्ह टायमिंग बदलणारी यंत्रणा, ऑइल पंप हे सगळं पातळ ऑइल धरून बनवलेलं असतं. जाड ऑइल घातलं की टायमिंगची यंत्रणा उशिरा हलते, सकाळी सुरू करताना वरच्या भागात ऑइल पोचायला वेळ लागतो आणि मायलेजही घटतं. 'गोव्यात कुठे बर्फ पडतो, ०डब्ल्यू कशाला?' असं दुकानात हमखास ऐकायला मिळेल. थंड इंजिन म्हणजे पंचवीस अंशांवरचंसुद्धा थंडच. इंजिनाची झीज सर्वांत जास्त होते ती सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही क्षणांत.

डब्यावर ग्रेडसोबत एपीआय एसपी (ऑइलच्या दर्जाची खूण) किंवा मॅन्युअलने सांगितलेला दर्जा बघा. आयएलसॅक या दुसऱ्या दर्जाची खूण असेल तर ०डब्ल्यू-२० आणि ५डब्ल्यू-३० साठी जीएफ-६ए किंवा नवं जीएफ-७ए, ०डब्ल्यू-१६ साठी जीएफ-६बी किंवा जीएफ-७बी. ग्रेड आणि दर्जा जुळला तर वेगळ्या कंपनीचं ऑइल टॉप-अपपुरतं मिसळलेलं चालतं.

भरताना स्वच्छ फनेल घ्या आणि एकदम अर्धा लिटर ओतू नका. ३०० मिली घाला, पाच मिनिटं थांबा, मोजा. मग १००-१०० मिलीने वाढवा. मॅक्सच्या जरा खाली, तीन चतुर्थांशावर थांबलात तरी उत्तम. मॅक्सच्या वर गेलं तर क्रँकशाफ्ट ऑइलमध्ये आपटून फेस करते, फेसात हवा असते म्हणून दाब नीट मिळत नाही. शिवाय जादा ऑइल ब्रीदरच्या नळीतून इंजिनात हवा जाते त्या वाटेत ओढलं जाऊन जळतं आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. कमी-जास्तीत निवड करायची वेळ आली तर २०० मिली कमी असलेलं बरं.

वॉरंटीचं म्हणाल तर योग्य ग्रेडचं ऑइल स्वतः टॉप-अप केल्याने ती जात नाही. चुकीचं द्रव घातल्यामुळे झालेला बिघाड मात्र ते धरणार नाहीत. म्हणून बिल आणि डब्याच्या लेबलचा फोटो ठेवा. आणि हो, रात्री इंजिनाखाली एक मोठा पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी तपकिरी ठिपका असेल तर तो ड्रेन प्लग किंवा फिल्टरच्या बरोबर खाली येतो का बघा.

सासष्टी_रेडिएटर:

अंत्रूजकरांनी ऑइलचं नेमकं सांगितलंय. माझ्या मते तुमच्या यादीत ऑइलपेक्षा कूलंट जास्त महत्त्वाचं आहे. ऑइल थोडं जळतं, ते धरूनच चालायचं. कूलंट बंद यंत्रणेत असतं, ते जळायचं किंवा संपायचं काही कारणच नाही.

पातळी फक्त थंड इंजिनावर वाचायची, म्हणजे सकाळी गाडी सुरू करायच्या आधी. गरम झालं की द्रव फुगून टाकीत वर येतं. डिलिव्हरीच्या दिवशी तुम्ही पाहिलेलं 'फुल' गरम इंजिनावरचं असेल तर अर्धी तफावत तिथेच मिटली. दुसरं, कारखान्यात भरताना आत अडकलेली हवा पहिल्या काही महिन्यांत बाहेर पडते आणि टाकीतली पातळी एखाद सेंटिमीटर उतरते. एकदा उतरली की स्थिर होते. तुमची 'फुल'वरून 'लो'वर आलीय, ते थोडं जास्त वाटतं. तेव्हा भरण्याआधी शोधा.

शोधायचं कसं? सुकलेलं कूलंट मागे रंगीत पापुद्रा सोडतं, ज्या रंगाचं असेल त्या रंगाचा: निळा, गुलाबी, हिरवा. टॉर्च घेऊन या जागा बघा: रेडिएटरचे वरचा आणि खालचा होज (रबरी नळ्या) जिथे बसतात ते क्लॅम्प, रेडिएटरच्या ॲल्युमिनियम जाळीला प्लास्टिकची टाकी जिथे जोडलीय तो सांधा, वॉटर पंपाच्या खालचं छोटं भोक आणि टाकीच्या झाकणाची कड. केबिनमध्ये पुढच्या प्रवाशाच्या पायाखालचं कार्पेट दाबून बघा. ओलं, चिकट आणि गोडसर वास असेल तर हीटर कोअर (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) गळतोय. नुसतं पाणी असेल तर एसीची ड्रेन नळी तुंबलीय. गाडीखाली स्वच्छ, बिनवासाचं पाणी ठिबकतं ते एसीचंच. आपल्या दमट हवेत ते बरंच ठिबकतं, त्याला गळती समजू नका. बोटाला बुळबुळीत लागलं तर मात्र कूलंट.

गरम इंजिनावर झाकण उघडायचं नाही, मग टाकी कितीही रिकामी दिसो. आत साधारण एक बारचा दाब असतो. अर्धं ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन), अर्धं पाणी हे मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं, झाकणाच्या दाबामुळे तो आकडा आणखी वीसेक अंश वर जातो. झाकण फिरवलं की दाब जातो आणि ११० अंशांवरचं द्रव त्याच क्षणी उकळून तोंडावर येतं. रेडिएटरचा वरचा होज हाताला थंड लागेपर्यंत थांबा. मग झाकणावर जाड फडकं ठेवून हळूहळू फिरवा.

विहिरीच्या पाण्याबद्दल. कूलंटमधल्या ग्लायकॉलचं काम थंडीत गोठू न देणं एवढंच असतं, असा समज आहे. आपल्याला त्यातलं दुसरं अंग लागतं, ते म्हणजे गंजरोधक रसायनं. किनाऱ्याजवळच्या विहिरींत क्लोराइड असतात, ते ॲल्युमिनियमला बारीक भोकं पाडतात. बोअरच्या पाण्यातलं लोह आणि क्षार रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत साचतात. हे महिन्याभरात दिसत नाही, तीन-चार वर्षांनी रेडिएटर गळायला लागतो तेव्हा दिसतं, आणि तोवर वॉरंटी संपलेली असते.

काय आणायचं: तुमच्या कंपनीचं प्रीमिक्स कूलंट, १ लिटरचा डबा. डब्यावर 'प्रीमिक्स' किंवा 'रेडी टू यूज' लिहिलेलं असेल तर तसंच ओतायचं. 'कॉन्सन्ट्रेट' असेल तर डिमिनरलाइज्ड पाण्यात डब्यावर दिलेल्या प्रमाणात, बहुधा निम्मं-निम्मं, मिसळून मगच. नुसतं कॉन्सन्ट्रेट ओतू नका, घट्ट ग्लायकॉल पाण्यापेक्षा उष्णता कमी वाहून नेतं. रंग जुळला म्हणून कूलंट जुळलं असं नाही. रंग हा नुसता डाय असतो, त्याला कोणतंही प्रमाण नाही. जुन्या पद्धतीचं हिरवं आणि आताचं दीर्घायुषी सेंद्रिय आम्लाचं कूलंट एकत्र झालं की गंजरोधक एकमेकांना निकामी करतात, कधी गाळही धरतो.

अगदी १००-२०० मिलीच कमी असेल आणि योग्य कूलंट मिळत नसेल तर बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर घाला, बिघडत नाही. ५ लिटरच्या यंत्रणेत २०० मिलीच्या जागी पाणी आलं तर ग्लायकॉल ५० टक्क्यांवरून ४८ वर येतं. १ लिटरच्या जागी पाणी घातलं तर थेट ४० वर, आणि गंजरोधकही तेवढंच पातळ होतं. भर घाटात होज फुटला तर मिळेल ते स्वच्छ पाणी घालून गाडी सुरक्षित जागी आणा, तिथे इंजिन वाचवणं पहिलं. पण नंतर पूर्ण यंत्रणा धुऊन नवं कूलंट भरून घ्या.

'लो'वरून घाटात जाता येतं का? पातळी स्थिर असेल तर हो, कारण 'लो' ही सुरक्षित मर्यादेतलीच रेषा आहे. ती खाली सरकत असेल तर जाऊ नका. घाटाच्या पायथ्याच्या केरीहून चढ सुरू झाला की दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला, एसी लावून, भरल्या गाडीने इंजिनाला सगळ्यात जास्त उष्णता बाहेर टाकावी लागते आणि वेग कमी असल्याने रेडिएटरवर वारा मात्र कमी. गळती असेल तर ती नेमकी तिथेच उघडी पडेल.

डिचोलीकर:

दोघांचेही मनापासून आभार. सकाळी थंड इंजिनावर पुन्हा पाहिलं, कूलंट 'लो'च्या दोन मिलिमीटर खाली. टॉर्चने शोधलं तेव्हा खालच्या होजच्या क्लॅम्पभोवती निळसर पापुद्रा दिसला. क्लॅम्प स्प्रिंगचा आहे, स्क्रूचा नाही. पुठ्ठ्यावर काहीच नाही. ऑइल सपाट जागेवर मोजल्यावर मिन-मॅक्सच्या साधारण मध्यावर आलं, म्हणजे माझं आधीचं वाचन अंगणातल्या उताराचं होतं. आता ब्रेकचं काय करावं?

बार्देशकर:

ब्रेकच्या टाकीला हात लावू नका. ब्रेक पॅड झिजतात तसे कॅलिपरचे (पॅड दाबणाऱ्या भागाचे) पिस्टन बाहेर सरकतात आणि त्यांच्यामागची जागा भरायला टाकीतलं फ्लुइड खाली जातं. सात महिन्यांत पाच-सहा मिलिमीटर म्हणजे हीच नेहमीची उतरण. आज तुम्ही मॅक्सपर्यंत भरलंत तर पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन आत ढकलले जातील आणि जादा फ्लुइड झाकणातून बाहेर येऊन रंगावर सांडेल. ग्लायकॉलचं फ्लुइड रंग सोलवटून काढतं. सांडलंच तर पुसत बसू नका, ताबडतोब भरपूर पाणी ओता.

झाकण विनाकारण न उघडण्याचं दुसरं कारण आपली हवा. डॉट ३, डॉट ४ या प्रकारांची ब्रेक फ्लुइडं हवेतली आर्द्रता शोषतात. जून ते सप्टेंबर गोव्यात काय असतं ते सांगायला नको. कोरडं डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळतं, ३.७ टक्के पाणी शिरल्यावर १४०. डॉट ४ कोरडं २३०, ओलं १५५. बेळगावहून परतताना चोर्ल्याची उतरण भरल्या गाडीने ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर कॅलिपरमधलं फ्लुइड एवढं तापू शकतं. वाफ झाली की ती दाबली जाते, पेडल स्पंजासारखं आत जातं आणि ब्रेक लागत नाही. म्हणून उतारावर दुसरा-तिसरा गिअर ठेवा, ब्रेक थोडा वेळ ठामपणे लावा आणि सोडा. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून उतरण्याची सवय कोणाला असेल तर ती आजच सोडा.

टाकी अर्धपारदर्शक असते, पातळी बाहेरूनच दिसते. मिनच्या जवळ गेली तर आधी पॅडची जाडी बघून घ्यायची. पॅड जाड असूनही पातळी खाली, किंवा चार दिवसांत पटकन खाली गेली, तर गळती आहे: चाकांच्या आतल्या बाजू बघा. बऱ्याच गाड्यांत हायड्रॉलिक क्लचलाही याच टाकीतून फ्लुइड जातं, म्हणून क्लच पेडलच्या वर हात घालून ओल लागते का तेही बघा. गळती असेल तर गाडी चालवायची नाही, उचलून न्यायची.

भरावं लागलंच तर झाकणावर जे छापलंय तेच, आणि सीलबंद डब्यातलंच. अर्धवट वापरलेला डबा कपाटात पडून राहिला की तो आर्द्रता पिऊन बसलेला असतो, तो फेकायचाच. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते यात चालत नाही. डॉट ५.१ नावाने जवळचं वाटलं तरी वेगळं, ते ग्लायकॉलचंच. आणि इंजिन ऑइलचा थेंबही यात जाऊ देऊ नका, रबरी सील फुगतात आणि मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंत सगळं बदलावं लागतं. मॅन्युअलमध्ये मुदत दिलेली असेल ती पाळा, नाहीतर दोन वर्षांनी फ्लुइड पूर्ण बदला. गाडी कमी चालली तरी, कारण पाणी किलोमीटर मोजून शिरत नाही.

पेडणे_डिझेल:

याच धाग्यात विचारतो. माझ्याकडे बीएस-६ डिझेल आहे, एक वर्षाची. ऑइल कमी होण्याऐवजी मॅक्सच्या वर चढलंय. रोजचं जाणं-येणं सहा-सात किमीचं. कोणी जास्त भरलं असेल का?

अंत्रूजकर:

पेडणेबाब, भरताना जास्त झालं असतं तर सर्व्हिसच्या दुसऱ्याच दिवशी दिसलं असतं. हळूहळू चढत असेल तर ते डिझेल आहे. डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) साठलेली काजळी जाळायला इंजिन उशिरा जादा डिझेल फवारतं. तुमची फेरी अर्ध्यात संपते, जाळणं अपुरं राहतं आणि तेच डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून रिंगांखाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला वाचवत नाही.

डिपस्टिकचा वास घ्या. डिझेलचा वास येत असेल आणि पातळी मॅक्सच्या वर असेल तर नुसतं जादा ऑइल काढून भागत नाही, ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदला. डीपीएफ गाडीसाठी कमी राखेचं, मॅन्युअलमध्ये एसीईए (युरोपीय दर्जा) सी२ किंवा सी३ असं काही लिहिलेलं ऑइलच हवं. साध्या डिझेल ऑइलची राख डीपीएफमध्ये कायमची साचते, ती जळत नाही. आणि आठवड्यातून एकदा राष्ट्रीय महामार्ग ६६ वर वीस-पंचवीस मिनिटं ताशी ६०च्या वर एकसारखी चालवा, मध्ये बंद करू नका.

तुमच्या गाडीला निळ्या झाकणाची डीईएफची (धूर शुद्ध करायला लागणाऱ्या द्रावणाची) टाकी असेल तर त्यात आयएसओ २२२४१ छापलेलंच युरियाचं द्रावण घाला, ३२.५ टक्क्यांचं. पत्र्याच्या शेडमध्ये कॅन साठवून ठेवू नका. ३० अंशांपर्यंत ते वर्षभर टिकतं, ३५ अंशांवर सहाच महिने. डिझेलच्या टाकीत चुकून गेलं तर चावीही फिरवायची नाही, थेट टो करून न्यायचं.

काणकोण_वायपर:

उरलेलं मी सांगतो. पॉवर स्टिअरिंगची बाटली सापडत नाही कारण तुमची स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे, तिला तेल नसतं. गिअरबॉक्सचं ऑइलही सीलबंद, ते लिफ्टवर घेऊन बघायचं काम. बॅटरी मेंटेनन्स फ्री असेल तर पाणी घालायला जागाच नाही, फक्त टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड धरलीय का बघा. खाऱ्या वाऱ्यात ती लवकर धरते. गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून वर थोडं व्हॅसलिन.

काच धुवायच्या पाण्याच्या टाकीचं झाकण वायपर आणि फवाऱ्याच्या चित्राचं असतं, भरण्याआधी चित्र नीट बघा. कूलंटच्या टाकीत साबणाचं पाणी गेलं तर इंजिन सुरू न करता सर्व्हिस सेंटरला फोन करायचा. काच धुवायच्या टाकीत गाळलेलं नळाचं पाणी आणि वॉशरचं कॉन्सन्ट्रेट त्याच्या डब्यावरच्या प्रमाणात. भांड्यांचा साबण आणि शांपू नको. त्याचा थर काचेवर बसतो आणि रात्री समोरच्या दिव्यांत काच पांढरी होते. डिचोलीच्या बाजूला लाल धूळ भरपूर, कोरड्या काचेवर वायपर चालवलात तर बारीक ओरखडे उठतात. आधी फवारा, मग वायपर.

बटण दाबून मोटरचा आवाज येतो पण पाणी येत नाही, तर फवाऱ्याचं भोक बारीक सुईने मोकळं करा. टाकी भरल्यावर लगेच रिकामी होत असेल तर पातळ नळी उंदरांनी कुरतडलेली असते, पावसाळ्यात हे फार होतं. रिकाम्या टाकीवर पंप दहा सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका, पंप पाण्यानेच थंड राहतो.

डिचोलीकर:

सर्व्हिस सेंटरला दाखवून आलो. क्लॅम्प होजच्या टोकाच्या उंचवट्यावर चढलेला होता, नीट मागे बसलेला नव्हता. त्यांनी नवा क्लॅम्प बसवला, दाब देऊन तपासलं, कूलंट भरलं. वॉरंटीत झालं, पैसे नाहीत. ऑइल मध्यावर आहे म्हणून घातलं नाही, पण १ लिटरचा योग्य ग्रेडचा डबा डिकीत ठेवलाय. आता निघण्याआधी आणखी काही बघायचं का?

सासष्टी_रेडिएटर:

उत्तम झालं. होज काढला म्हणजे आत थोडी हवा शिरली असणार. पुढचे तीन दिवस रोज सकाळी सुरू करायच्या आधी पातळी बघा आणि टाकीवर पेनने बारीक खूण करा. पहिल्या-दुसऱ्या दिवशी थोडी उतरेल, तेवढी त्यांच्याकडूनच भरून घ्या. तिसऱ्या दिवशी खुणेवरच राहिली तर निर्धास्त निघा. एसी गरमवर ठेवून इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालू द्या. गरम वारा मध्येच थंड होत असेल किंवा डॅशबोर्डच्या आत पाणी खळखळल्यासारखा आवाज येत असेल तर हवा अजून आत आहे, त्यांच्याकडून ब्लीड करून (हवा काढून) घ्या. त्या क्लॅम्पभोवतीचा जुना निळा पापुद्रा ओल्या फडक्याने पुसून टाका, म्हणजे नवा धरला तर लगेच ओळखू येईल. आणि डब्यात उरलेलं कूलंट झाकण घट्ट लावून उंचावर ठेवा. ते चवीला गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि थोडंसंही त्यांच्या मूत्रपिंडांना घातक ठरतं. जमिनीवर सांडलेलं असेल तर तेही पाणी मारून धुऊन काढा.